दुसऱ्या खेपेचे गणपतीपुळे

कौटुंबिक सहलीवरच्या विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा होऊ शकतो की नाही, हा प्रश्न समीक्षक आजवर चित्रपटगृहाच्या अंधारात बसून सोडवू पाहत आले आहेत, आणि तो सुटलेला नाही याचे निम्मे कारण तो अंधारच असावा. या प्रश्नाच्या अभ्यासाला खरी सोयीची जागा रत्नागिरी जिल्ह्यात आहे. गणपतीपुळ्याच्या देवळावरून जयगडच्या दिशेने दीड-दोन किलोमीटर पुढे गेले की मालगुंड लागते. मराठीतला सर्वांत लोकप्रिय सहलपट ज्या देवळाकडे निघतो, त्याच देवळाकडे त्याच्या दुसऱ्या भागालाही निघावे लागल्यामुळे दोन्ही भागांची तुलना करण्याचा अधिकार मालगुंडकरांना शेजारधर्मानेच मिळालेला आहे. शिवाय हे गाव स्वतःच एक दुसरा भाग आहे. केवळ मालगुंडला जायचे म्हणून मुंबईहून निघालेले कुटुंब सापडणे कठीण. लोक गणपतीपुळ्याला निघतात, दर्शन, प्रदक्षिणा, समुद्र आणि मोदक आटोपले की दुपारी तीनच्या सुमारास 'आता काय' असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर म्हणून मालगुंड पाहिले जाते. केशवसुतांचे, म्हणजे १८६६ साली येथे जन्मलेल्या आणि आधुनिक मराठी कवितेचे जनक मानल्या गेलेल्या कृष्णाजी केशव दामले यांचे स्मारक पाहून 'आलोच होतो, तर हेही झाले' असे म्हणणारा पर्यटक आणि दुसरा भाग पाहून चित्रपटगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक यांच्या सुरात अभ्यासकाला काही फरक सापडत नाही.

येथे सहलपट हा शब्द एका विशिष्ट प्रकारासाठी योजला आहे. एखादे कुटुंब, किंवा कुटुंबासारखा वागणारा जमाव, एका वाहनात कोंबला जातो, त्याला ठरावीक ठिकाणी पोहोचायचे असते, आणि चित्रपटाचा सारा आनंद तो जमाव तिथे वेळेवर कसा पोहोचत नाही यात साठवलेला असतो, तो सहलपट. २००४ साली आलेला सचिन पिळगांवकर यांचा 'नवरा माझा नवसाचा' हा मराठीतला त्याचा आदर्श नमुना. वॅकी आणि भक्ती या जोडप्याला मूल नाही. वॅकीसाठी बोललेला नवस, म्हणजे 'आधी काम, मग मोबदला' या अटीवर देवाशी केलेला तोंडी करार, फेडायचा राहून गेला आहे, हे त्याचे कारण ठरते. आणि नवस असा की झालेल्या मुलाला नागवे गणपतीपुळ्याला आणू. तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा नवस कमालीचा स्वस्त होता, कारण त्यात अंगड्या-टोपड्याचासुद्धा खर्च नव्हता. फेडायला उशीर झाला, मुलगा संसारी झाला, आणि मुद्दल तेवढेच राहून व्याज मात्र लाजेच्या रूपात भरण्याची वेळ आली. एवढ्या भांडवलावर सचिन आणि सुप्रिया पिळगांवकर एसटीत बसतात, अशोक सराफ कंडक्टर होतात, जॉनी लिव्हर पाठीमागे लागतात, आणि मुंबई ते गणपतीपुळे हे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर प्रेक्षकाला संपू नयेसे वाटते. प्रत्यक्षात हे अंतर तोडलेल्या कोणालाही असे कधी वाटल्याची नोंद नाही.

दुसरा भाग मूळच्या तोडीचा आहे का हे ठरवायचे तर मूळ कोणते हे आधी ठरवावे लागते, आणि इथे अभ्यासक पहिल्याच पायरीवर अडखळतो. सचिन यांच्या एसटीच्या पुढे महमूद कंडक्टर असलेली १९७२ ची 'बाँबे टू गोवा' धावत होती, आणि तिच्याही पुढे १९६६ ची 'मद्रास टू पाँडिचेरी' ही तमिळ बस. म्हणजे गाडी एकच. मद्रासहून सुटलेली, वाटेत दोनदा पाटी आणि उतारू बदलून गणपतीपुळ्याला पोहोचायला तिला अडतीस वर्षे लागली. एवढ्या दीर्घ प्रवासानंतरही ती २००४ साली खडखडीत वाटली, याचा अर्थ असा की सहलपटात प्रवासी बदलले तरी चालतात, वाहन बदललेले चालत नाही. रूपांतर करणारा जुन्या बसमध्ये नवी माणसे बसवतो. दुसरा भाग काढणारा जुनीच माणसे घेऊन नवे वाहन शोधतो. या दोहोंत पहिला मार्ग अधिक सुरक्षित आहे, हे सिनेमावाल्यांना कळायला हवे होते. पण नव्या माणसांपेक्षा जुनी माणसे जाहिरातीत अधिक ओळखीची दिसतात, आणि जाहिरात चित्रपटाच्या आधी येते.

एसटी ही विनोदासाठी किती नेमकी घडवलेली वस्तू आहे, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या सेवेने महाराष्ट्राला दळणवळण दिले असे इतिहासात लिहिलेले असते, परंतु तिने एक फिरते नाट्यगृहही दिले याची नोंद कोणी घेतलेली नाही. गाडी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी किंवा क्वचित स्वतःचे मूल आत टाकून जागा धरली जाते, आणि दाराने शिरलेल्या उतारूचा त्या रुमालाशी जो तंटा होतो तो या नाटकाचा पहिला अंक असतो. आत शिरल्यावर कोणाचेही काही खासगी राहत नाही. नवरा-बायकोने हळू आवाजात सुरू केलेल्या भांडणाचा निकाल मागच्या बाकावरून लागतो, आणि एकाला उलटी झाली की लिंबू, आवळासुपारी, जुना पेपर आणि सल्ला चार वेगवेगळ्या कुटुंबांतून येतो. या सगळ्यावर कंडक्टरची सत्ता. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा आणि दोन घंट्या म्हणजे निघा, एवढ्या दोन शब्दांच्या भाषेत तो पन्नास-साठ माणसांचे नशीब ठरवतो. सुटे पैसे नसणाऱ्याला तो अपराधी वाटायला लावतो आणि तिकिटाच्या पाठीमागे पेनाने उरलेली रक्कम लिहून त्याला उतरेपर्यंत ऋणाईत ठेवण्याऐवजी स्वतः ऋणाईत होतो. हा माणूस दारापासून शेवटच्या बाकापर्यंत सतत येरझारा घालत असतो, म्हणून प्रत्येक प्रवाशाशी त्याचा संबंध येतो, म्हणून प्रत्येक विनोद त्याच्यापाशी येऊन मिळतो. महमूद आणि अशोक सराफ या दोघांनी नायकाची जागा सोडून कंडक्टरची जागा घेतली यात त्यांचा त्याग नव्हता, हिशेब होता.

२० सप्टेंबर २०२४ रोजी 'नवरा माझा नवसाचा २' आला तेव्हा हे वाहन बदलले होते. सचिन, सुप्रिया आणि अशोक सराफ होतेच, त्यांना स्वप्नील जोशी आणि हेमल इंगळे ही पुढच्या पिढीची जोडी येऊन मिळाली, आणि मंडळी एसटीऐवजी कोकण रेल्वेत बसली. अशोक सराफ कंडक्टरचे टीसी, म्हणजे तिकीट तपासनीस झाले. नोकरीच्या दृष्टीने ही बढतीच म्हणावी लागेल. विनोदाच्या दृष्टीने मात्र तो माणूस संस्थानिकाचा पाहुणा झाला. टीसी डब्यात येतो, कागद पाहतो आणि पुढच्या डब्यात जातो. त्याच्या हातात गाडी थांबवण्याची दोरी नसते, आणि ज्याच्या हाताशी साखळी असते त्या प्रवाशाने ती ओढली तर दंड होतो. रेल्वेत भांडण झाले की एक पक्ष वरच्या बर्थवर चढून चादर ओढून घेऊ शकतो किंवा उठून दोन डबे पलीकडे जाऊन चहा पिऊ शकतो, आणि जिथून पळ काढता येतो तिथे विनोदाला दम धरता येत नाही. भरीस भर म्हणजे रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे, ज्यात मोबाइलची रेंज जाते आणि ऐन रंगात आलेला कलहसुद्धा पलीकडचा उजेड दिसेपर्यंत तहकूब ठेवावा लागतो.

मालगुंडकराला मात्र याहून साधी शंका येते. रेल्वे गणपतीपुळ्याला जातच नाही. २६ जानेवारी १९९८ पासून सर्वांसाठी पूर्ण खुला झालेला कोकण रेल्वेचा मार्ग रत्नागिरीला येतो, तोही शहरापासून बाजूला, आणि तिथून देवळापर्यंतचे तीसेक किलोमीटर उतारूने एसटीने, रिक्षाने किंवा ज्याची गाडी न्यायला येणार होती त्याला फोन लावत काढायचे असतात. भूगोलाच्या हिशेबाने पाहिले तर दुसऱ्या भागाला शेवटचा टप्पा पहिल्या भागाच्याच वाहनाने पुरा करावा लागतो, आणि या एका गोष्टीत प्रस्तुत वादाचा बराचसा निकाल सामावलेला आहे. तरीही निर्मात्यांची बाजू घेणे न्यायाचे होईल. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि चित्रपट आला तेव्हाही ते पुरे झालेले नव्हते. हा महामार्ग म्हणजे पनवेलहून निघून पेण, महाड, कशेडी घाट, चिपळूण, संगमेश्वर असे करत निवळी फाट्याला आल्यावर, म्हणजे मुख्य रस्ता सोडून गणपतीपुळ्याकडे वळायच्या जागी, प्रवासी ज्याच्याविषयी सभ्य भाषेत बोलू शकत नाही तो रस्ता. २०२४ साली त्यावरून एसटीचा प्रवास जसाच्या तसा दाखवला असता तर तो दोन-अडीच तासांचा चित्रपट न राहता दूरदर्शन मालिका झाला असता, आणि विनोदी तर मुळीच झाला नसता.

परंतु वाहनाचा मुद्दा हा वरवरचा आहे. खरे दुखणे नवसात आहे. नवसाला दोन अंगे असतात, बोलणे आणि फेडणे, आणि त्यांचा स्वभाव एकमेकांपासून अगदी निराळा असतो. नवस बोलताना माणूस कल्पक असतो, कारण त्याला गरज असते. मुलाला नागवे आणू, चालत येऊ, सोन्याचा मोदक वाहू, असे काय वाटेल ते त्याला सुचते. फेडताना तोच माणूस हिशेबी होतो, नारळ किती, पेढे कोणत्या दुकानातले, बरोबर कोणाकोणाला न्यायचे आणि न नेल्यास कोण रागावेल याच्या याद्या करतो. पहिला भाग हा बोललेला नवस असतो. तो यशस्वी होतो, वीस वर्षे दर सुट्टीला टीव्हीवर लागतो, त्यातले संवाद लग्नाच्या हॉलपासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत पोहोचतात, आणि निर्मात्याच्या डोक्यावर प्रेक्षकांचे एक न सांगितलेले देणे चढते. दुसरा भाग म्हणजे ते देणे फेडण्याचा समारंभ. जुनी पात्रे दिसली पाहिजेत, त्यांनी जुनी लकब दाखवली पाहिजे, अशोक सराफ पडद्यावर आले की टाळ्यांसाठी थांबायला जागा सोडली पाहिजे, मागच्या चित्रपटातल्या एखाद्या प्रसंगाची आठवण निघाली पाहिजे. या साऱ्या गोष्टी अभिषेकाच्या सामानासारख्या ठरलेल्या असतात. अशा समारंभातून बाहेर पडलेल्या माणसाला 'मागच्या वेळेइतकी मजा आली का' असे विचारणे चुकीचे आहे. त्याला एवढेच विचारायचे असते की फिटला का. आणि या कसोटीला 'नवरा माझा नवसाचा २' उतरतो; मूळ चित्रपटाच्या उंचीला तो जात नाही, पण जे देणे होते ते सव्याज, हसतमुखाने आणि ठरल्या देवळाकडे नेऊन देतो.

देण्याचा प्रश्न नसता तर दुसऱ्या भागाचे अधिक बरे होते का, हे पाहायला हेमंत ढोमे यांचे 'झिम्मा' आणि 'झिम्मा २' उपयोगी पडतात. नोव्हेंबर २०२१ मधल्या पहिल्या चित्रपटात वेगवेगळ्या वयांच्या आणि वेगवेगळ्या दुःखांच्या सात बायका एका नवख्या टूर-गाइडबरोबर इंग्लंडला जातात आणि अनोळखी निघून मैत्रिणी होऊन परततात. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्या पुन्हा तिकडेच जमतात, त्यांतल्या ज्येष्ठ मैत्रिणीचा पंचाहत्तरावा वाढदिवस साजरा करायला. माणसे बहुतेक तीच, देश तोच, थट्टा तशीच, दोघी नव्या. आणि तरी काहीतरी निसटते, कारण पहिल्या सहलीत त्यांना जे व्हायचे होते ते त्या होऊन बसल्या आहेत. अनोळखी माणसाच्या घोरण्यातून विनोद निर्माण होतो. मैत्रिणीच्या घोरण्यातून फार तर एक संवाद. सतीश राजवाडे यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई'ने २०१०, २०१५ आणि २०१८ असे तीन भाग काढताना या अडचणीतून वेगळीच वाट काढली. दुसऱ्या भागात लग्न, तिसऱ्यात बाळंतपण, आणि प्रवास तेवढा शीर्षकात.

चित्रपटांना जे पडद्यावर होते ते कुटुंबांना गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर होते, आणि त्याचे निरीक्षण मालगुंडच्या गायवाडीच्या किनाऱ्यापर्यंत मे महिन्यात कोणालाही करता येते. एकदा येऊन मजा करून गेलेले कुटुंब दोन-चार वर्षांनी पुन्हा येते तेव्हा ते सहलीला आलेले नसते, पुनःप्रत्ययाला आलेले असते. निघण्याआधी व्हॉट्सअॅपवर 'गणपतीपुळे २' नावाचा गट तयार होतो. तीच खोली मागितली जाते, ती मिळाली नाही की तिच्या शेजारची घेऊन चार दिवस त्या खोलीतल्या लोकांकडे मत्सराने पाहिले जाते. गेल्या वेळी वाटेत गाडी पंक्चर झाली असता एका टपरीवर अचानक जो वडापाव मिळाला होता, तो शोधण्यासाठी या वेळी चांगली चालत असलेली गाडी तीनदा थांबवली जाते. मग किनाऱ्यावर जुना फोटो मोबाइलवर उघडून तसाच नवा काढण्याचा कार्यक्रम होतो. जुन्या फोटोत बाबांच्या खांद्यावर चौथीतला मुलगा बसलेला असतो. नव्यात तो नववीत असतो, बाबांच्या कंबरेचा एक्स-रे मध्यंतरी काढून झालेला असतो, तरी आई 'एक सेकंद बस रे' असे म्हणते, काका मोबाइल आडवा धरायचा की उभा याचा विचार करतात, आत्या जुन्या फोटोत आपण नक्की कोणीकडे पाहत होतो हे तपासायला फोन परत मागतात, आणि तेवढ्यात लाट येते. हा फोटो पुढे गटावर येतो, त्याला बदाम मिळतात, आणि प्रत्येक जण मनातल्या मनात जुनाच पुन्हा उघडून पाहतो.

भूतकाळाची चित्रे पाहणे हा दुसऱ्या भागाचा जुना कुळाचार आहे, आणि तो ज्याने सर्वोत्तम रीतीने पार पाडला तो नाटककार विदर्भातल्या पद्मपूरचा होता. आठव्या शतकातल्या भवभूतीने 'महावीरचरित' लिहून रामकथा राज्याभिषेकापर्यंत आणली आणि नंतर 'उत्तररामचरित' लिहिले, जे पहिल्यापेक्षा सरस आहे याविषयी संस्कृत पंडितांत, एरवी कशाविषयीच नसणारे, एकमत आहे. त्याच्या पहिल्याच अंकात राम आणि सीता आपल्याच वनवासाची रंगवलेली चित्रे पाहत हिंडतात. हल्लीच्या भाषेत सांगायचे तर जुना अल्बम उघडतात. पण भवभूती ती चित्रे पुन्हा उभी करायला जात नाही. पहिल्या नाटकाचा रस, म्हणजे प्रेक्षकाच्या मनात घोळत राहणारा प्रधान भाव, वीर होता. दुसऱ्याचा त्याने करुण केला. वनवास ही सहल नव्हे असा आक्षेप येथे घेतला जाईल, पण जो पनवेल ते निवळी असा भर गणेशोत्सवात आलेला आहे तो तरी घेणार नाही. मराठी सहलपटांनी भवभूतीचा हा धडा गिरवलेला आहे, फक्त जरा घाईने: मध्यंतरानंतर कोणाचा तरी वैद्यकीय रिपोर्ट येतो, व्हायोलिन सुरू होते, आणि एवढा वेळ हसलेल्या प्रेक्षकाला तिकिटाच्या त्याच दरात रडूनही घ्यावे लागते. विनोदाने करुणाकडे जावे, पण धावत जाऊ नये.

पु. ल. देशपांडे यांनी रस बदलला नाही, दिशा बदलली. त्यांच्या प्रवासवर्णनांतली 'अपूर्वाई' (१९६०) युरोपची होती. तिच्या यशानंतर प्रकाशकाने आणि वाचकाने पुन्हा लंडनच मागितले असते तर ते समजण्यासारखे होते, परंतु 'पूर्वरंग' (१९६३) निघाला तो सिंगापूर, बाली, जपान असा पूर्वेला. प्रवासी तेच, सोबतीला पत्नी सुनीताबाई त्याच, आणि तरी दुसरे पुस्तक पहिल्याचे देणे फेडायला बसलेले दिसत नाही. तिसरा उपाय मालगुंडच्या स्मारकातच शोधता येतो. केशवसुतांनी मराठीत सुनीत, म्हणजे चौदा ओळींत पुरी होणारी इंग्रजी सॉनेटच्या घडणीची कविता, आणली. तिच्यात चौदाव्या ओळीनंतर कवीला थांबावेच लागते, आणि पंधराव्या ओळीत पहिल्या चौदांतली पात्रे परत आणता येत नाहीत. चित्रपट मंडळाने हा नियम उचलावा अशी सूचना करण्याचा मोह होतो, पण मग मालगुंडला आलेल्या पर्यटकालाही 'गणपतीपुळे पाहून झाले, आता परत फिरा' असे सांगावे लागेल, आणि गावातली एकही खानावळ याला पाठिंबा देणार नाही.

या कोड्याची खरी किल्ली अमेरिकेतल्या एका कुटुंबाकडे आहे. १९८३ च्या 'नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन'मध्ये ग्रिसवोल्ड नावाचे कुटुंब मोटारीने अर्धा देश ओलांडून एका करमणूक-उद्यानाला जाते आणि ते दुरुस्तीसाठी बंद असल्याचे दारात कळते. नवस फेडायला जावे आणि देऊळ कुलूपबंद मिळावे असा तो प्रसंग. दोन वर्षांनी त्यांना युरोपला पाठवण्यात आले आणि जे व्हायचे तेच झाले, प्रवास लांबला आणि विनोद आखूड झाला. पण १९८९ साली तिसरा भाग आला, त्यात नाताळ होता, आणि तो कित्येकांना पहिल्याइतका, काहींना त्याहून अधिक आवडतो, कारण त्यात हे कुटुंब कुठेच जात नाही. ते घरी थांबते आणि नातेवाईक त्यांच्याकडे येतात. वाहन नाही, रस्ता नाही, खिडकीतला निसर्ग नाही. आलेली माणसे, पुरत नसलेली न्हाणीघरे, आणि निरोपाची तारीख न सांगणारा एक नातलग. सहल तीच राहिली, बाजू बदलली.

ही बाजू म्हणजे नेमकी मालगुंडची बाजू. दोन 'नवसाचे' चित्रपट झाले तरी ज्यांच्या गावात हे सगळे प्रवासी येऊन आदळतात त्यांचा कॅमेरा अजून चालू झालेला नाही, आणि मराठी सहलपटाचा पहिल्याच्या तोडीचा भाग निघायचा असेल तर तो इथल्या एखाद्या निवास-न्याहारीच्या, म्हणजे घरातल्याच दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देऊन सकाळचे पोहेही घालणाऱ्या, घरातून निघेल. त्याची पटकथा दर मे महिन्यात तयार होते. विहिरीने तळ दाखवलेला असतो, दुपारी वीज गेलेली असते, कलमांवरचा शेवटचा आंबा उतरवायला माणूस मिळत नसतो, आणि अंगणात गाडी थांबून त्यातून आठ माणसे उतरतात. त्यांतले गृहस्थ दोन्ही हात पसरून म्हणतात, 'काय काका, ओळखलंत का?' काका तत्क्षणी म्हणतात, 'अहो, न ओळखायला काय झालं!' आणि पुढचे दोन दिवस हे नेमके कोण, याचा तपास स्वयंपाकघरात दबक्या आवाजात चालतो. काकू म्हणतात ठाण्याचे, मागच्या खेपेला ज्यांच्या मुलाने पाण्याची टाकी वाहती ठेवली ते. काका म्हणतात ते कोथरूडचे, हे सोलकढीत साखर घालून मागणारे. पाहुण्यांना सगळे 'अस्सल कोकणी' हवे असते, आणि ते अस्सल असतानाच त्यात काटे नसावेत, तिखट नसावे, आणि छोटीसाठी पनीर असावे. त्यांना शांतता हवी असते, ती मिळाली की रात्री साडेनऊला ते 'इथे बघायला काय आहे' असे विचारतात. केशवसुतांचे स्मारक सकाळी पाहून झालेले असते. काका क्षणभर विचार करून आणि गंभीर चेहऱ्याने जयगडचा किल्ला, कऱ्हाटेश्वर, दीपगृह अशी नावे एकेक करून सोडतात, म्हणजे उद्याचा दिवस घर मोकळे राहील.

निघताना पाहुणे नेमाने सांगतात, 'आता तुम्ही आमच्याकडे यायचं, डोंबिवलीला. नक्की हं!' काका-काकू नक्की म्हणतात, आणि दोन्ही बाजूंना ठाऊक असते की असे कोणी जात नसते. मात्र एखाद्या वर्षी पाऊस लवकर येतो, खोल्या रिकाम्या होतात, काकूंना मुंबईच्या डॉक्टरला दाखवायचे असते, आणि दोघे खरोखरच डोंबिवलीच्या दारात उभे राहतात. आतून धावपळीचे आवाज येतात, कॉटवरचे कपडे उचलले जातात, आणि मालगुंडच्या माणसाला जेवायला काय घालावे यावर बंद दारामागे मसलत होते. ते मासे खाणारे, म्हणून स्टेशनबाहेरून महागाची सुरमई आणली जाते. ती ताजी नाही हे काकांना ताट समोर येण्याआधी, वासावरूनच, कळलेले असते, आणि यजमानीणबाईंनी 'आमच्याकडे तुमच्यासारखी नाही मिळत हो' असे म्हणताच ते 'छे, छे, फार सुंदर झाली आहे' असे म्हणून आणखी एक तुकडी मागून घेतात.